सांडवा कॉम्प्युटरवर तपासला म्हणजे झालं का?

प्रश्न: आमच्या नेरूळला मोरबे धरणाचं पाणी येतं. ८८ मीटरला भरलं की दरवाजे उघडतात, सगळे खूश. मला मात्र धरणाखालच्या गावांची धास्ती वाटते. भाचा म्हणतो, हल्ली सांडवा (धरणातलं जादा पाणी बाहेर सोडायची वाट) कॉम्प्युटरवर तपासतात, काळजी नको. भरवसा ठेवायचा का?
— एक वाचक भगिनी, नेरूळ

उत्तर: ताई, धास्ती रास्त आहे आणि भाचाही खोटं बोलत नाहीये, फक्त अर्धंच सांगतोय. कॉम्प्युटरवर सांडव्याचा थ्रीडी आकार घेतात, त्याचे लाखो बारीक कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्प्यात पाणी किती, हवा किती, वेग न दाब किती हे क्षणाक्षणाला काढत जातात. त्यातलं दाबाचं गणित फार मोलाचं. सांडव्याच्या माथ्याची गोलाई ठराविक उंचीच्या पाण्यासाठी असते, त्याच्या खूप वर पाणी चढलं की धार काँक्रीटपासून सुटायला बघते, तिथला दाब उतरतो, आणि खाली उतारावर वेग अफाट झाला की जरा खडबडीत जागेमागे दाब इतका पडतो की पाण्यातच वाफेचे बुडबुडे होतात, ते फुटतात तेव्हा काँक्रीट कुरतडून निघतं. अमेरिकेत ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यात १९८३ ला हेच झालं, थेट खडकात खड्डे पडले. अशी जागा मॉडेलमध्ये आधी दिसली तर तिथे हवा आत घ्यायची खाच ठेवता येते.

पण साध्या मॉडेलमध्ये काँक्रीट अखंड धरलेलं असतं! अमेरिकेतल्याच ओरोव्हिल धरणावर फेब्रुवारी २०१७ मध्ये विसर्ग सांडव्याच्या क्षमतेपेक्षा बराच कमी होता, तरी पाणी सांध्यांतून, भेगांतून स्लॅबखाली घुसलं, स्लॅब उचलला गेला आणि पुढे जवळपास १ लाख ८८ हजार लोकांना घरं सोडावी लागली. शिवाय पुराचा आकडा आपणच भरतो. १९७९ ला गुजरातमधलं मच्छू-२ फुटलं तेव्हा आलेला पूर सांडव्याच्या ताकदीबाहेरचा होता, तिथे चुकीचा आकडा घालून कितीही भारी सॉफ्टवेअर चालवलं असतं तरी उत्तर 'सुरक्षित' असंच आलं असतं.

म्हणून खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएस (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र) सारख्या संस्थेत छोटी प्रतिकृती बांधून पाणी सोडून बघतात, ते अजूनही लागतंच. मात्र छोट्या प्रतिकृतीत हवा खऱ्यासारखी मिसळत नाही, तिथे कॉम्प्युटर कामी येतो. दोघांचे आकडे जुळले तर माझा विश्वास बसतो.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी करावीच लागते. तुम्ही माहिती मागा: कुठला पूर धरला, सांडव्याच्या भेगा शेवटच्या कधी पाहिल्या, आणि खालच्या गावांसाठीचा आपत्कालीन आराखडा गावकऱ्यांच्या हातात आहे का.