एकमो शरीरातले विष काढत नाही, मग ते लावायचे कशासाठी?

तुमच्या मावसभावाने रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात घेतल्या, कालपासून तो मुंबईतल्या एका रुग्णालयात एकमोवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचे काम शरीराबाहेरून करणाऱ्या यंत्रावर आहे, आणि ‘हे यंत्र विष बाहेर काढत नाही’ असे डॉक्टरांनीच सांगितल्यामुळे एवढा खर्च कशासाठी आणि तो कायम यंत्रावरच राहील का, असे तुम्ही विचारले आहे. मी याच शहरात परफ्युजनिस्ट आहे. हे यंत्र चालवणे हेच माझे काम.

डॉक्टर म्हणाले ते खरे आहे. अ‍ॅम्लोडिपिनसारखे रक्तदाबाचे औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटलेले असते आणि ऊतींमध्ये खोलवर पसरते, त्यामुळे डायलिसिसनेही ते निघत नाही. ते मोडते यकृत, तेही सावकाश: नेहमीच्या मात्रेतसुद्धा रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात आणि अतिमात्रेत त्याहून जास्त. रक्तदाब कोसळला की यकृताला रक्त कमी मिळते, म्हणजे विषाचा निचरा करणारा अवयवच उपाशी राहतो. एकमो जांघेतल्या मोठ्या शिरेतून काळपट रक्त ओढून घेते, कृत्रिम फुप्फुसातून त्याला प्राणवायू देते आणि धमनीतून मिनिटाला तीन-चार लिटर या वेगाने परत पाठवते. तेवढ्या काळात मेंदू, मूत्रपिंडे आणि यकृत जगतात आणि यकृत आपले काम करत राहते. तुमच्या भावाचे हृदय मुळात निरोगी असेल तर ते औषधाने तात्पुरते दबले आहे, हे लक्षात घ्या. माझ्या मते एकमो लावण्याच्या सर्वांत सबळ कारणांपैकी हे एक आहे, कारण मूळ बिघाड ओसरणारा आहे.

यंत्र लागले म्हणून बाकीचे उपचार थांबत नाहीत. मधुमेह नसताना इन्सुलिन का चालू आहे, असे नातेवाईक हमखास विचारतात. या गोळ्या स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणेही रोखतात; मोठ्या मात्रेत इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज दिले की हृदयाच्या स्नायूला साखर वापरता येते. शिवाय रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असल्याने पंपाचा प्रवाह भरपूर असूनही रक्तदाब कमीच राहू शकतो, म्हणून तो वाढवणारी औषधे सुरू ठेवावी लागतात.

धोके खरे आहेत. नळ्यांत गुठळी होऊ नये म्हणून हेपारिन दिले जाते, त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित मेंदूतही. धमनीतल्या जाड नळीमुळे त्या पायाचा रक्तपुरवठा अडतो, म्हणून खाली पायाकडे एक बारीक नळी वेगळी घालतात आणि परिचारिका दर थोड्या वेळाने पाऊल गार पडले आहे का, हे हात लावून बघतात. हृदय सावरू लागते, पण फुप्फुसे अजून खराब असतात, तेव्हा हृदयातून निघालेले कमी प्राणवायूचे रक्त आधी मेंदूकडे आणि उजव्या हाताकडे जाते. प्राणवायू मोजणारा बोटाचा चिमटा आम्ही उजव्याच हाताला लावतो तो एवढ्यासाठी.

कायम यंत्रावर राहण्याची भीती बाळगू नका. मॉनिटरवर धमनीच्या दाबाची रेषा आज जवळजवळ सपाट दिसत असेल. हृदय जोर धरू लागले की तिच्यावर लहान उंचवटे येतात आणि तास जातील तसे ते उंच होतात. मग इको (हृदयाची सोनोग्राफी) करून पंपाचा वेग टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि हृदयाने भार पेलला तर नळ्या काढतात. अशा रुग्णांत हे बहुधा काही दिवसांत होते, पण यश येईलच असे वचन कोणी देऊ शकत नाही. यंत्र लागण्याआधी रक्तदाब किती वेळ पडलेला होता, हृदय बंद पडले होते का, आणि लॅक्टेट (ऊतींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) उतरते आहे का, हे तीन प्रश्न डॉक्टरांना आजच विचारा. खर्चाविषयीचा निर्णयही या उत्तरांवरच घ्या.

पोलिसांकडे नोंद होईल, तिने घाबरून जाऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरते आणि शिक्षेपासून संरक्षण देते. तो शुद्धीवर आल्यावर घरी सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट व्हायलाच हवी, आणि तोवर तुम्हा घरच्यांना बोलायचे असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही.