जिन्यावरचा गळका स्कायलाइट : ठेव मोडावी की कर्ज काढावे?

बावधनच्या आपल्या रो-हाउसमधील जिन्यावरचा स्कायलाइट (छतातली काचेची खिडकी) गेले तीन पावसाळे गळतो आहे, दरवर्षी सिलिकॉन भरण्यावर १५ हजार रुपये जातात, आणि आता कंत्राटदाराने तो संपूर्ण बदलण्याचे १ लाख ३५ हजार सांगितले आहेत. या खर्चासाठी डिसेंबरात पिकणारी दोन लाखांची मुदत ठेव मोडावी की वैयक्तिक कर्ज काढावे, असे आपण विचारले आहे.

पैशाची सोय करण्याआधी पाणी नेमके कुठून शिरते हे कळायला हवे, कारण अशा गळतीत दोष पुष्कळदा काचेचा नसून चौकट बसवलेल्या कट्ट्याचा किंवा भोवतीच्या फ्लॅशिंगचा, म्हणजे सांध्यावर पाणी अडवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीचा असतो. एप्रिल-मेच्या उन्हात ॲल्युमिनिअमची चौकट दिवसा प्रसरण पावते आणि रात्री आकसते. या ओढाताणीत जुने सिलिकॉन कडेने सुटते, आणि वळवाच्या वादळी सरीत वाऱ्याने आडवे लोटलेले पाणी त्याच फटीतून आत येते. कोरड्या दिवशी आधी कट्ट्याच्या तळाशी, मग फ्लॅशिंगवर आणि शेवटी काचेच्या सांध्यावर नळीने पाणी सोडावे, प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि जिन्यात एकाला विजेरी घेऊन उभे करावे. काच गच्चीवरूनच तपासावी, तिच्यावर पाय मात्र देऊ नये.

केवळ हिशेब मांडला, तर १ लाख ३५ हजार म्हणजे नऊ वर्षांचे सिलिकॉन. परंतु ओल विजेच्या मुख्य बोर्डापर्यंत उतरल्याचे आपण लिहिले आहे, त्यामुळे आणखी एक पावसाळा डागडुजीवर काढावा असे मी म्हणणार नाही. कट्टा, फ्लॅशिंग आणि काच यांचे दर वेगवेगळे लिहून मागावेत, त्यात जीएसटी धरला आहे का हे विचारावे, आणि दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा सरेपर्यंत हातात ठेवावी. याला नकार देणारा कंत्राटदार मला तरी चालणार नाही.

दोष फ्लॅशिंगपुरताच निघाला, तर तो खर्च बचत खात्यातून भागेल. सगळेच बदलावे लागले, तर ठेव न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून बँकेकडून मिळणारी उचल) घ्यावा. त्याचा दर सहसा ठेवीच्या व्याजदरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो, आणि डिसेंबरात ठेव पिकली की तो फेडता येतो. याउलट चौदा टक्क्यांच्या तीन वर्षांच्या वैयक्तिक कर्जावर सुमारे ३१ हजार रुपये व्याज जाईल. घराच्या विम्यावरही भिस्त ठेवू नये : वादळाने काच फुटली तर दावा करता येतो, झिजेमुळे हळूहळू होणारी गळती मात्र त्यात बसत नाही.