माझ्या काकांना मदुरा फूट हा पायाचा आजार आहे. त्यात काळे दाणे दिसले म्हणजे बुरशी ओळखली गेली ना? मग पुन्हा बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) कशाला?

नाही, ओळखली गेली नाही. काळ्या दाण्यावरून एवढंच कळतं की तुमच्या काकांच्या पायात बुरशी आहे, बॅक्टेरिया नाहीत. अर्थात हेही काही थोडं नाही. मदुरा फूट म्हणजे मायसेटोमा दोन्हींमुळे होतो आणि बाहेरून पाय सारखाच दिसतो: सूज, छिद्रं, त्यातून पू आणि दाणे, म्हणजे जंतूंचे घट्ट गोळे. बॅक्टेरिया असतील तर को-ट्रायमॉक्साझोल, अमिकासिन अशी औषधं चालतात. बुरशीवर ती वाया जातात, तिथे इट्राकोनाझोल महिनोन्‌महिने घ्यावं लागतं आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाही. पांढऱ्या-पिवळट दाण्यांनी मात्र आमची खरी पंचाईत होते, कारण ते दोन्हींचे असू शकतात.

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये आहे, म्हणून तिथलंच सांगतो. दाणा सलाइनमध्ये धुऊन काचेवर ठेवायचा, केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाकायचा आणि वरून कव्हरस्लिप दाबायची. मॅड्युरेला या बुरशीचा काळा दाणा चांगला टणक असतो, सहज चिरडत नाही. फुटला की मायक्रोस्कोपखाली दोन ते पाच मायक्रॉन जाडीचे, मध्ये पडदे असलेले तंतू दिसतात, काही ठिकाणी टोकाला फुगलेले. बॅक्टेरियाचे तंतू जेमतेम एक मायक्रॉनचे. इथवरचं काम अर्ध्या तासात उरकतं.

पुढचं रखडतं. काळे दाणे मॅड्युरेला मायसेटोमॅटिसचे असतील, ट्रेमॅटोस्फेरिया ग्रिसियाचे असतील, नाहीतर फॅल्सिफॉर्मिस्पोरा सेनेगॅलेन्सिसचे. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवायला, कित्येक आठवडे लागतात. मॅड्युरेला वाढली की अगारमध्ये (ती वाढवतो त्या जेलीत) तपकिरी रंग उतरतो, पण ती बीजाणू धरायला फारशी राजी नसते आणि बुरशी ओळखायची आमची सगळी भिस्त तर बीजाणूंवर! म्हणून आता डीएनएचा आयटीएस नावाचा तुकडा वाचून नाव ठरवतात. त्यातूनच कळलं की मॅड्युरेलातही एकाहून जास्त प्रजाती आहेत. त्यातली सुदानमध्ये सापडलेली मॅड्युरेला फहाली इट्राकोनाझोलला फारशी जुमानत नाही. नावासाठी एवढा आटापिटा करायचा तो यासाठी.

हा आजार बुरशीचा असतो हे 1860 च्या सुमारास मुंबईतच, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी दाखवलं. मायसेटोमा हे नावही त्यांचंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत तो आला थेट 2016 मध्ये. शेतात अनवाणी राबणाऱ्यांचा आजार, घाई कोणाला असणार?

आता बायोप्सी. छिद्रातून आपोआप गळून पडलेला दाणा पुष्कळदा मेलेला असतो, शिवाय त्याला त्वचेवरचे बॅक्टेरिया आणि हवेतली बुरशी चिकटलेली असते. तो कल्चरला लावला तर ॲस्परजिलस ही हवेतलीच बुरशी बरणी भरून वाढते आणि खरा गुन्हेगार खाली दबून जातो. खोलवरचा तुकडा घेतला तर जिवंत आणि स्वच्छ दाणा मिळायची शक्यता जास्त. तेव्हा बायोप्सी करून घ्या.

फक्त आधी डॉक्टरांना एक विचारा: तुकड्याचे दोन भाग करणार ना? एक फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रावणात) पॅथॉलॉजीला, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये मायक्रोबायोलॉजीला. सगळाच फॉर्मलिनमध्ये बुडवला तर त्यातून कल्चर होत नाही आणि डीएनएही नीट निघत नाही. आमच्याकडे असे तुकडे नेहमी येतात.