पोरं घरातच राहू द्या

यावल तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नवरा गेला, पदरात अकरा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. त्या पहाटेच निंदणीला, वेचणीला जातात. धाकटीची अंगणवाडी दुपारी सुटते, म्हणून थोरला सारखी शाळा बुडवतो. घरीच असणारे सासरे म्हणतात, 'बालगृहात टाक, पोटभर तरी खातील.' ताई विचारतात, काय करू?

ताई, पोरांना कुठंही पाठवू नका. हातात पैसा नाही एवढ्यासाठी लेकरं आईपासून तोडायची नसतात. २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा उपायच मानतो. मदत आधी घरात यायला हवी, आणि ती मागायला लाजू नका.

बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील गमावलेल्या मुलाला घरीच राहून महिन्याला २,२५० रुपये मिळतात, १८ वर्षांचं होईपर्यंत. दोघांचे वेगवेगळे अर्ज करा. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, मुलाचा बोनाफाईड आणि बँकेचं पासबुक घेऊन जळगावच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा. अर्जाला पैसे लागत नाहीत, एजंटाला दमडी देऊ नका. चौकशीला माणूस घरी येईल, मग बाल कल्याण समिती आदेश काढेल. घर बघायला येणार म्हणून शेजारची भांडी आणून मांडू नका. रिकामा डबा रिकामाच दिसू द्या, त्यांना तेच बघायचं असतं. विधवा म्हणून संजय गांधी निराधार योजनेचंही तहसीलमध्ये विचारून ठेवा.

पैसा यायला महिने लागतील, थोरल्याची शाळा मात्र तोवर थांबणार नाही. मला जास्त काळजी त्याचीच वाटते. या वयात सुटलेली शाळा पुन्हा धरणं फार अवघड जातं. अंगणवाडी सेविकेला सगळं मोकळेपणानं सांगा. गावाच्या बाल संरक्षण समितीची सचिव तीच असते, सरपंच अध्यक्ष. कुणी पोरांना कामाला लावायचं किंवा परस्पर कुठं पाठवायचं म्हटलं, तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावा.

आणि सासऱ्यांवर रागावू नका. पोरं उपाशी राहतील या धास्तीनंच ते तसं बोलले असणार. आज रात्री जेवताना त्यांना स्पष्ट सांगा: 'मामा, दुपारी नातीला अंगणवाडीतून तुम्ही आणा, म्हणजे पोरगा शाळेत जाईल.' जळगावलाही त्यांना सोबत न्या.

– तुमची आक्का