भरवसा देवावर, मग दादाचे पैसे घ्यायचे का?

प्रश्न : ताई, प्रभूच्या नावात सलाम. मिस्टरांचं कंपनीतलं काम सुटलंय, मोठी मुलगी नर्सिंगच्या सेकंड इयरला आहे, फीचा हप्ता पुढच्या महिन्यात भरायचाय. माझा दादा स्वतःहून म्हणाला मी भरतो, तर हे ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात माणसाचा आधार घेतला की देवावरचा विश्वास संपला, इंग्लंडमधल्या त्या जॉर्ज म्युलर पाळकाने कुणाकडे पैसा मागितला नाही तरी हजारो अनाथ मुलं सांभाळली. पण मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रोज "आमच्या आर्थिक अडचणीसाठी प्रार्थना करा" असं टाकतात. माझाच विश्वास कमी पडतोय का?
— एक बहीण, जालना

उत्तर : सलाम बहिणी. तुझा विश्वास कमी आहे असं मला तुझ्या पत्रात कुठेच दिसलं नाही.

मिस्टरांनी म्युलरचं नाव काढलंच आहे तर तो अर्धा नको, पूर्ण घेऊ. ब्रिस्टलमध्ये 1836 साली त्याने भाड्याच्या घरात अनाथालय सुरू केलं आणि 1870 पर्यंत तिथल्याच ॲशली डाउन भागात पाच मोठ्या इमारती, दोनेक हजार मुलांची सोय, आणि खरंच, कुणापुढे हात पसरला नाही. पण त्याचा नियम होता मागायचं नाही, आलेलं परत पाठवायचं असा नव्हता, लोकांनी दिलेल्या पैशावरच ती मुलं जेवत होती ना! आलेल्या देणगीचा पैन् पैचा हिशोब तो छापायचा. उधारी नाही म्हणजे नाही. आणि सूचक बोलणंसुद्धा नाही. 1841 च्या शेवटी हातात काहीच नव्हतं तेव्हा वार्षिक रिपोर्ट आणि सभा त्याने मुद्दाम पुढे ढकलली, का, तर लोकांना वाटेल हा आडून मागतोय. आता ते ग्रुपवरचे मेसेज आठव. प्रार्थना मागण्यात काहीच गैर नाही, मंडळी असते कशाला मग, पण दोनशे लोकांना रोज अडचण सांगायची आणि सख्खा मेव्हणा देतोय त्याला नाही म्हणायचं, यात देवावरचा भरवसा किती आणि मेव्हण्यापुढे कमीपणा नको हा भाग किती, हे त्यांनी एकदा स्वतःशी बसून बघावं. (मेव्हण्याचे पैसे घेणं पुरुषाला जड जातं, मला कळतं ते. पण मग तसं म्हणावं, त्यात देवाचं नाव कशाला?)

आणखी एक. 1830 मध्ये म्युलरने पाळक म्हणून मिळणारा पगार सोडला तो बायकोला विचारून, दोघांचं एकमत झाल्यावर. तुला कुणी विचारलं? मुलीला?

आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंनीही म्युलरचं चरित्र वाचलं होतं आणि भारतात असं देवावर विसंबून कुणी काम करेल का हा प्रश्न त्यांना पडला होता. निराधार बायकामुलींसाठीचं त्यांचं मुक्ती मिशन त्या विश्वासावर उभं राहिलं, पण तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, बाया दिवसभर राबायच्या. प्रार्थना चालू आहे म्हणून हात थांबले नव्हते. मिस्टर सध्या काम शोधतायत का, हे तू लिहिलं नाहीस.

बायबलमध्ये तर दोन्ही आहे, न मागणंही आणि मागणंही. पारसच्या अर्तहशश्त राजाच्या कारकिर्दीच्या 7व्या वर्षी एज्रा याजक यरुशलेमला निघाला, सोबत बायकामुलं, सोनंनाणं, वाटेत लुटारू, तरी राजाकडे शिपाई मागायची त्याला लाज वाटली, कारण आमचा देव सांभाळतो असं तो राजापुढे बोलून बसला होता. अहवा नदीवर उपास केला आणि निघाला. त्याच राजाच्या कारकिर्दीच्या 20व्या वर्षी त्याचा प्यालेबरदार नहेम्या याला यरुशलेमचा पडलेला कोट बांधायला जायचं होतं, त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली आणि लगेच राजाकडे रजा, पत्रं, वेशींसाठी लाकूड सगळं मागितलं, राजाने घोडेस्वार दिले तेही घेतले. देवाने दोघांनाही पोचवलं आणि नहेम्याला कुठेही अल्पविश्वासी म्हटलेलं नाही.

मग स्तोत्र 146 आणि यिर्मया 17 मध्ये माणसावर भिस्त ठेवू नका म्हटलंय त्याचं काय? ते खरंच आहे, आणि ते तुलाही लागू आहे हं. यिर्मया बोलतो ते ज्याचं मन देवापासून फिरलंय त्याच्याबद्दल. उद्या दादाची स्वतःची अडचण निघाली, त्याने ऐनवेळी नाही म्हटलं, तर तू कोलमडणार का, दादाशी अबोला धरणार का? तसं असेल तर तुझाही भार दादावर गेलाय. देवाजवळ मागायचं, आणि मग ते दादाच्या हातून येवो नाहीतर आणखी कुठून, एवढं मोकळं मन हवं. ते सोपं नाही, मी रोज लोकांची पत्रं वाचते म्हणून सांगते.

आता फीचं. कॉलेजच्या ऑफिसात मुलीला घेऊन जा, हप्ते पाडून मिळतात का आणि स्कॉलरशिपचा फॉर्म राहिलाय का हे विचार. दादाला स्पष्ट विचार की हे भेट आहे की उसने. उसने असेल तर किती आणि कधीपर्यंत फेडायचं ते वहीत लिहून तिघांनी सह्या करा, नंतर भावजयीच्या तोंडून ऐकायला नको. मिस्टर तरीही अडून बसले तर पाळकसाहेबांना घरी बोलाव, ग्रुपवर चर्चा नको. आणि दादाला फोन करशील तेव्हा मिस्टरांना शेजारी बसवून कर, त्यांच्या पाठीमागे पैसे घेऊ नकोस.