नवरा कोण, हे विचारू नकोस

पोरी,

मेसेज वाचला. दोन मुलग्यांच्या जोडप्याचं शूट आलंय, भोगव्याच्या किनाऱ्यावर करायचंय आणि तू विचारतेस, काका पोज कुठल्या देऊ. पोजचं नंतर बघू गं, आधी मला सांग हा फोटो लागणार कुठे? भिंतीवर, कपाटात, इन्स्टावर, की फक्त दोघांच्या मोबाईलमध्ये? हे पहिल्याच फोनला विचार आणि दोघांना वेगवेगळं विचार, कारण एकाच्या घरी सगळं माहीत असतं आणि दुसऱ्याच्या घरी अजून स्थळं बघणं चालू असतं, एकत्र विचारलंस तर तो दुसरा नुसती मान डोलावून मोकळा होतो.

ही अक्कल मला ठेच लागून आलीय. 2019 मध्ये अशाच एका जोडप्याचा पाठमोरा फोटो मी स्टेटसला टाकला, चेहरे दिसत नाहीत मग काय विचारायचं असं वाटलं. पण शर्ट दिसत होता ना! अर्ध्या तासात एकाच्या काकांचा फोन, "तो आमचोच ना रे?" मी स्टेटस काढला, पण ज्यांनी बघायचं त्यांनी बघून झालं होतं. त्या पोराने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, तेच जास्त लागलं. आपल्याकडे माणूस चालण्यावरून ओळखतात, चेहरा लपवला म्हणून काही होत नाही. तेव्हा मोबाईलवर बिहाइंड द सीन काढायचे तर लोकेशन बंद ठेव, आणि अल्बम घाटावरच्या लॅबला पाठवायचा झाला तरी आधी त्यांना विचार, तिथे दहा जण बघतात. मी तर हल्ली असे फोटो घरच्या प्रिंटरवरच काढतो, शाई महाग पडते, पडूदे.

एवढं कशाला जपायचं म्हणशील, कायदा बदलला ना आता. बदलला, 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं नातं दंड विधानाच्या कलम 377 खाली गुन्हा नाही. पण 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टाने अशा जोडप्यांना लग्नाचा हक्क काही दिला नाही. म्हणजे पोलीस पकडणार नाहीत, पण सर्टिफिकेट नाही, मांडव नाही, पाचशे माणसांसमोर काढलेला अल्बम नाही. आपण लग्नात हजार फोटो काढतो त्यातले नऊशे कोणी परत बघत नाही, आणि इथे कधीकधी दोघांचा धड असा एकच फोटो असतो.

माझ्याकडे दोघीजणी आल्या होत्या, पन्नाशीच्या पुढच्या, पासपोर्ट साइज काढायला. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं ना, की अशा जोडीदारांना जॉइंट अकाउंट उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी ठेवायला काही आडकाठी नाही, ते वाचून आलेल्या. बँकेचे फोटो झाले आणि मग एक म्हणाली, आता एक आमचा पण काढा. स्टुडिओत दोघी अशा उभ्या राहिल्या जशा रेशनच्या लायनीत. मी म्हटलं राहूदे, घरी येतो.

घरी गेलो तेव्हा फणस फोडायचं चाललेलं. एकीने दुसरीच्या हाताला खोबरेल चोळलं, चीक लागू नये म्हणून, पार मनगटापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, आणि गप्पा मात्र भलत्याच, शेजारच्या कोंबड्यांच्या. मी तिथेच दारात टेकून 35 एमएमच्या लेन्सने काढला. आवडता फोटो तोच, आणि त्यात माझं डोकं शून्य!

म्हणून सांगतो, लग्नाच्या पोज इथे आणू नकोस. मागून मिठी, कपाळावर ओठ, एक उंच एक बुटका, ते सगळं नवरा-नवरी धरून बसवलेलं असतं. इथे दोघं सारख्या उंचीचे असले की तू नकळत एकाला नवरा करायला जाशील. नको, आणि तोंडाने तर विचारूच नकोस. चालायला सांग, टपरीवर जसा चहा घेतात तसा घेऊदे, एकाला दुसऱ्याची कॉलर नीट करूदे. हात कापू नकोस फ्रेममध्ये, सगळी गोष्ट हातात असते.

आता उजेड. आपला किनारा पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळचा सोनेरी उजेड मस्त, पण तेव्हा टुरिस्ट पण असतात आणि गावातलं पण कोणीतरी फिरायला आलेलं असतं, मग हे दोघं काठीसारखे उभे. सकाळी जा. सूर्य डोंगराकडून येतो, माडांची सावली वाळूवर पडते, चेहऱ्यावर मऊ उजेड मिळतो. फक्त रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची आहे का ते आदल्या दिवशी विचारून घे, नाहीतर अर्धा गाव तिथेच. चिऱ्याच्या भिंतीजवळ काढलंस तर तांबूस छटा येते, ती छान दिसते, पण माडाखाली हिरवट येते ती व्हाइट बॅलन्सला सांभाळ. दोन चेहरे आहेत तेव्हा लेन्स पार उघडून एफ 1.8 ची हौस नको, थोडी बंद करून एफ 4 ठेव, एकाचे डोळे शार्प आणि दुसरा धूसर हे या फोटोत तरी बरं दिसत नाही. आणि एडिटिंगला कोणाला गोरं करू नकोस बाई.

किनाऱ्यावर 85 एमएमच्या लेन्सने काढ, लांब उभी राहशील म्हणजे ते तुला विसरतील. शनिवारी दुपारनंतर ये, माझी घेऊन जा. एसी गाडीतून नेलीस तर बॅग उघडायच्या आधी वीसेक मिनिटं बाहेर ठेव, नाहीतर काचेवर वाफ धरते. आणि परत आणताना पुसून आण, मागच्या वेळी फोकस रिंगमध्ये वाळू करकरत होती.

काका