बागेत कुत्रं मोकळं कधी सोडायचं?

प्रश्न : लेकीकडे ब्रुकलिनला आले आहे. प्रॉस्पेक्ट पार्कात सकाळी कुत्री मोकळी धावतात आणि नऊ वाजले की सगळी पट्ट्यात! हे ठरवतं कोण? आमच्या नाशिकच्या बागेत जमेल का?
– एक आजी

उत्तर : आजी, ठरवतं न्यूयॉर्क शहराचं उद्यान खातं. आधी हा नुसता अलिखित रिवाज होता. सकाळी लवकर आणि रात्री उशिरा कुणी हटकायचं नाही. मग त्याच शहराच्या क्वीन्स भागातल्या रहिवाशांच्या एका संघटनेने त्याविरुद्ध कोर्ट गाठलं. कोर्टाने शहराची बाजू घेतली आणि २००७ मध्ये रिवाजाचा नियम झाला. बाग उघडल्यापासून सकाळी ९ पर्यंत आणि रात्री ९ नंतर, तेही लाँग मेडोसारख्या ठरलेल्या हिरवळींवरच. मुलांच्या खेळायच्या जागेत कधीच नाही. गळ्यात परवान्याचा बिल्ला आणि जवळ रेबीजच्या लशीचा दाखला हवा. जावयाला विचारा, असेलच.

नाशिकला नुसत्या वेळा ठरवून भागणार नाही, असं माझं मत. पहाटे बागेत फिरणाऱ्यांचीच गर्दी, दुपारी फरशीवर पंजे भाजतात. त्यात भटकी कुत्री. आमचा लॅब्राडॉर एवढा धिप्पाड, पण त्यांची टोळी दिसली की माझ्या पायांत घुटमळतो! त्यापेक्षा एका कोपऱ्याला जाळी मारून घ्या, फाटकं दोन. मागचं लागल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. महापालिकेच्या उद्यान विभागाला अर्ज द्या. त्यावर कुत्री न पाळणाऱ्यांच्या सह्या आधी घ्या, विशेषतः सकाळच्या हास्यक्लबवाल्यांच्या.